हिरव्या पाण्याचा जमाखर्च

उन्हाळ्याच्या तोंडाला एक बातमी न चुकता येते: उजनीचं पाणी हिरवं झालं. सोबत फोटो असतो. कुणीतरी ओंजळीत पाणी धरलंय आणि त्याचा रंग पालकाच्या पातळ भाजीसारखा. मग कुणी निवेदन देतं, कुणी नमुने घेतं, सोलापूरकर नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ओरडतात. तेवढ्यात मृग निघतो, घाटावर पाऊस पडतो, धरणात पाणी वाढतं आणि विषय बुडतो. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बातमी, फक्त ओंजळ दुसऱ्या कुणाची.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या बगला कुणी "नैसर्गिक" म्हणत नाही. दोन-तीनदा पॅच मारून झाले की शेवटी कुणीतरी वैतागून मुळाशी जातं. मी केमिस्ट नाही आणि जीवशास्त्र बारावीलाच सोडलं. पण माझं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला, आणि राहतो पुण्यात. म्हणजे या पाण्याच्या दोन्ही टोकांना माझी माणसं आहेत. तर मंडळी, या शनिवार-रविवारी शेवाळाचा इतिहास. वाटतो तितका रटाळ नाही.

आधी जागा नीट समजून घेऊ. इंदापूर तालुका दोन नद्यांच्या मध्ये आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा नरसिंहपूरला भेटतात. नकाशात बघितलं तर वाटतं, इथे पाण्याला काय तोटा! पण बारामती आणि इंदापूर हे दोन्ही सह्याद्रीच्या पाठीमागचे, पर्जन्यछायेतले तालुके. पाऊस बेभरवशाचा. म्हणून इथला इतिहास म्हणजे पाणी अडवण्याचा इतिहास. शिर्सुफळ आणि भादलवाडीचे तलाव इंग्रजांच्या काळातले. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी काम म्हणून नीरा डावा कालवा खणायला घेतला. त्याला पाणी पुरवायला भोरकडे भाटघरचं धरण झालं, ते १८९२ मध्ये पुरं झालं. कालव्यापाठोपाठ ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव झाले. आणि गेल्या काही वर्षांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी इतकी झाली, की विमानातून बघितलं तर शिवारात आरसे पसरल्यासारखे दिसतात.

या सगळ्यांचा बाप म्हणजे उजनी. ७ मार्च १९६६ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण पाणी मागे पसरलं ते इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडपर्यंत. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या वर, आणि मृतसाठा त्याहून मोठा, ६३ टीएमसीच्या वर. हा मृतसाठा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी फार खाली गेलं की वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला बसलं.

ज्यांची जमीन गेली त्यांना तेव्हा सांगितलं होतं, पाणी येईल. आणि पाणी आलं, हे खरंच आहे. काय आलं पाण्याबरोबर, तो आजचा विषय.

आता जरा लांब जाऊ, ऑस्ट्रेलियात. हिरव्या पाण्याची पहिली शास्त्रीय तक्रार तिथली आहे. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या रसायनतज्ज्ञाने 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहिलं. मरे नदीच्या मुखाजवळ अलेक्झांड्रिना नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठाला हिरवी साय जमली होती आणि ते पाणी प्यायलेली मेंढरं, गुरं काही तासांत मरत होती. फ्रान्सिसने ती साय एका मेंढीला पाजून खात्री करून घेतली. (बिचारी मेंढी.) जिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, तिच्यातली ही एक वेगळी जात: नीलहरित शेवाळ. खरं तर ते शेवाळच नाही, सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. पृथ्वीवर प्राणवायू आणला तो यांच्याच पूर्वजांनी, त्यामुळे एका अर्थी आपण त्यांचे देणेकरी. पण यातले काही विष तयार करतात. त्यातला सगळ्यात नेहमी भेटणारा मायक्रोसिस्टिस. त्याचं विष यकृतावर जातं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात डायलिसिसला असलेल्या ५० हून जास्त रुग्णांचा जीव गेला, कारण डायलिसिसच्या पाण्यात हे विष उतरलं होतं. त्यानंतर १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा ठरवली: लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

म्हणजे विषय नुसत्या वासाचा आणि रंगाचा नाही. जनावर पाणी पितं, माणूस पाणी पितो.

मग यावर उपाय? माणसाचा पहिला विचार नेहमी एकच असतो: मारून टाका. १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी पाणी साफ करायची एक सोपी युक्ती छापली. मोरचूद घ्या, गोणपाटाच्या पोत्यात भरा, पोतं होडीला बांधा आणि तळ्यातून वल्हवत फिरा. मोरचूद विरघळतो, शेवाळ मरतं, दोन-चार दिवसांत पाणी स्वच्छ. आपल्याकडच्या डाळिंब-द्राक्षवाल्यांना मोरचूद काही नवा नाही, बोर्डो मिश्रण त्याचंच. शेततळ्यात पोटली बांधून सोडण्याची पद्धतही तीच. ठिबकचा फिल्टर रोज शेवाळाने तुंबायला लागला की माणूस दुसरं काय करणार?

या पद्धतीचा हिशेब मांडायला ८० वर्षं लागली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फेअरमाँट नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्यांत सलग ५८ वर्षं मोरचूद टाकला. १९८४ मध्ये दोन संशोधकांनी त्याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. प्रत्येक वेळी शेवाळ मेलं, प्रत्येक वेळी परत आलं. मेलेलं शेवाळ तळाशी कुजताना प्राणवायू संपवत होतं, मासे मरत होते. तांबं गाळात साठत गेलं. साध्या हिरव्या शेवाळाच्या जागी मोरचुदाला न जुमानणारं नीलहरित शेवाळ आलं. म्हणजे ५८ वर्षांत त्यांनी आपल्या शत्रूला चांगली तालीम दिली.

त्याहून वाईट घटना १९७९ ची. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत पाम आयलंड नावाचं बेट आहे, वस्ती मुख्यतः मूळनिवासी लोकांची. त्यांच्या पिण्याच्या धरणात शेवाळ फार झालं म्हणून मोरचूद टाकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत १४८ लोक आजारी पडले, त्यातली १३८ मुलं. उलट्या, यकृत सुजलेलं, लघवीतून रक्त. कारण उलगडायला काही वर्षं गेली. शेवाळाच्या पेशीत कोंडलेलं विष पेशी फुटल्यावर एकदम पाण्यात मोकळं झालं होतं. पाणी दिसायला स्वच्छ झालं ते नेमकं विषारी झाल्यावर.

हे वाचल्यापासून मला "पाणी स्वच्छ दिसतंय" या वाक्याची जरा भीतीच वाटते.

मग पाणी हिरवं होतं कशामुळे? याचं उत्तर शेतकऱ्याला तसं माहीत असतं, फक्त तो ते शेताबद्दल बोलतो. नत्र, स्फुरद, पालाश. १८४० च्या सुमारास जर्मनीत लीबिग या शास्त्रज्ञाने एक नियम लोकप्रिय केला: पीक किती येईल हे सगळ्यात मुबलक खत ठरवत नाही, सगळ्यात कमी पडणारं खत ठरवतं. शेवाळ हेही पीकच. मग तळ्यात कमी पडतं काय? नत्र हवेत भरपूर आहे आणि कित्येक नीलहरित जाती ते थेट हवेतून घेतात. कार्बनही हवेतून येतो. हवेतून येत नाही तो स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. तो बाहेरूनच यावा लागतो: मैल्यातून, साबणातून, खतातून, मातीतून.

१९६० च्या दशकात अमेरिका-कॅनडात यावर जोरदार भांडण चाललं होतं. कपडे धुण्याच्या पावडरीत तेव्हा भरपूर फॉस्फेट असायचं, आणि ती बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की दोष फॉस्फरसचा नाही, कार्बनचा आहे. परीक्षानळ्यांतले प्रयोग दोन्ही बाजूंना होते. शेवटी कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भांडण मिटवलं, आणि तेही एका आख्ख्या तळ्यात. कॅनडाने १९६८ मध्ये प्रयोगासाठी काही तळी राखून ठेवली होती. त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचा आकार इंग्रजी आठसारखा, मधे कंबर. १९७३ मध्ये त्या कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं. दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस. काही आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार, पहिला जसाच्या तसा. विमानातून काढलेला तो फोटो पुढे जगभर फिरला. एका बाजूला काळंनिळं पाणी, दुसऱ्या बाजूला वाटाण्याचं सूप, मधे एक पडदा. आमच्या भाषेत सांगायचं तर हे आजवरचं सगळ्यात देखणं डिबगिंग आहे. एकच व्हेरिएबल बदलायचा, बाकी सगळं सारखं ठेवायचं.

एकदा हे कळलं की शेवाळ हा जमाखर्चाचा विषय होतो. आणि जमाखर्च मला जमतो.

फॉस्फरस किती लागतो? पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की तळं हिरवं व्हायच्या वाटेला लागलं असं मानतात. आता बघा. एक माणूस रोज मलमूत्रातून साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. आपण एकच धरू. एक ग्रॅम फॉस्फरस ३३ हजार लिटर पाणी त्या पातळीला नेतो. म्हणजे एका माणसामागे रोज दहा हजारवाले तीन टँकर आणि वर थोडं.

आता पुणे. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीला मुळेत येते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत. सगळ्यांचं पाणी शेवटी दौंडवरून उजनीत. २०११ च्या जनगणनेत दोन्ही महापालिका मिळून ४८ लाखांच्या वर माणसं होती. हिशेबाला ५० लाख धरू (आता त्याहून जास्त आहेत). रोजचा फॉस्फरस ५० लाख ग्रॅम, म्हणजे ५ टन. उजनी काठोकाठ भरलेली असताना ती ३० मायक्रोग्रॅमला न्यायला लागतो साधारण १०० टन. भागाकार करा: २० दिवस.

वीस दिवस! यात साबण नाही, ऊस नाही, कारखाने नाहीत. कुणी म्हणेल, मैलाशुद्धीकरण केंद्रं थोडा काढतात, थोडा वाटेत गाळात बसतो, पावसाळ्यात सांडव्यावरून बराच वाहून जातो. बरोबर आहे. म्हणून अर्धा सोडून देऊ. मग ४० दिवस. वर्षाचे दिवस ३६५ आहेत.

बरं, जो गाळात बसतो तो तरी कायमचा बसतो का? १९४१-४२ मध्ये इंग्लंडमध्ये क्लिफर्ड मॉर्टिमर याने दाखवलं, की तळाच्या पाण्यात प्राणवायू आहे तोवर फॉस्फरस लोहाला चिकटून गाळात राहतो. प्राणवायू संपला की सुटून परत पाण्यात येतो. म्हणजे गाळ ही तिजोरी नाही, ते बचत खातं आहे. उन्हाळ्यात पैसे काढता येतात. आणि इथे तो मृतसाठा आठवा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५९ टक्क्यांच्या खाली गेली होती. उरलेलं थोडं, गरम, संथ, गाळालगतचं पाणी, त्यावर एप्रिल-मेचं ऊन. नीलहरित शेवाळाच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्यावर ते तरंगत वर येतं आणि वारा त्याला काठाला लोटतो. तोच तो ओंजळीतला फोटो.

आता कुणाला वाटेल, हे दुखणं इतकं मोठं आहे तर त्याला इलाज नसणारच. इतिहास नेमकं उलटं सांगतो. अमेरिकेत सिएटल शहराला लागून वॉशिंग्टन सरोवर आहे. १९४१ पासून आजूबाजूची उपनगरं आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात सोडत होती. (प्रक्रिया केलेलं, हे महत्त्वाचं. घाण काढली होती, फॉस्फरस नव्हता काढला.) १९५५ मध्ये तिथे नीलहरित शेवाळाची एक जात दिसली. विद्यापीठातले प्राध्यापक एडमंडसन यांनी सांगितलं, हे थांबवलं नाही तर काही वर्षांत सरोवर नासेल, आणि थांबवलं तर सुधारेल. दोन्ही भाकितं आधी केलेली, लेखी. जेम्स एलिस नावाच्या वकिलाने ती लोकांपर्यंत नेली. १९५८ च्या मार्चमध्ये मतदान झालं, लोकांनी प्रस्ताव फेटाळला. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं, मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी सरोवरातून बाहेर वळवलं. १९६३ च्या सुमाराला पाण्यात मीटरभर खालचं दिसत नव्हतं. १९७० च्या दशकात तीन मीटरच्याही खालचं दिसू लागलं. सरोवरात कुणी एक चिमूट औषध टाकलं नव्हतं.

आपल्याकडे कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. रंकाळा हिरवा व्हायला लागला तेव्हा तिथेही बोट शेवटी नाल्यांकडेच गेलं, आणि खरं काम नाले वळवण्याचंच निघालं.

पण उजनीत एक फरक आहे. सिएटलच्या लोकांना घाण सरोवर घराच्या खिडकीतून दिसत होतं. मत देणारे तेच, घाण करणारे तेच, पोहणारेही तेच. पुण्याच्या माणसाला उजनी दिसत नाही. फ्लश करणारा कोथरूडला, पाणी पिणारा सोलापूरला, आणि काठावर राहणारा पळसदेवला. तिघांचे आमदार वेगळे, पुण्याची आणि सोलापूरची महापालिका वेगळी, जिल्हासुद्धा वेगळा. धरणासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या दारात शहराचा फॉस्फरस येऊन थांबतो, आणि त्याबद्दल विचारायला हक्काचं एक टेबल नाही. माझी आत्या काठावर राहते. उन्हाळ्यात वास यायला लागला की तिचं एकच वाक्य असतं, "पुणं आलं वाटतं." तिला लीबिग माहीत नाही, पण रूट कॉज अचूक माहीत आहे.

कायद्याचं काय? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मैलाशुद्धीकरणाची मानकं जाहीर केली. त्यात सेंद्रिय घाण, तरंगते कण, मैल्यातले जिवाणू वगैरे होतं. फॉस्फरस नव्हता. म्हणजे केंद्र सगळी परीक्षा पास होऊनही तळं हिरवं करू शकलं असतं, अगदी वॉशिंग्टन सरोवरासारखं. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक मानकांच्या बाजूने आदेश दिला, त्यात फॉस्फरस होता: लिटरला १ मिलिग्रॅम. इकडे पुण्यात जपानच्या कर्जातून मुळा-मुठेसाठी प्रकल्प ठरला. २०१६ च्या जानेवारीत करार झाला, ९९० कोटींचा, ११ नवी केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमता. प्रत्यक्ष कामाला वेग यायला २०२२ उजाडलं. जुनी आणि नवी मिळून क्षमता होते रोज ८७ कोटी लिटरच्या वर. समजा हे सगळं पाणी खरोखर १ मिलिग्रॅमच्या आत बाहेर पडलं, तर पुणे महापालिकेचा रोजचा तीन टनांचा वाटा एक टनाच्या आत येईल. म्हणून केंद्रं किती बांधली यापेक्षा त्यातून फॉस्फरस किती बाहेर पडतो, हा आकडा विचारायला हवा. बातम्यांत मला तो क्वचितच दिसतो.

हे झालं मोठ्या धरणाचं. पण हाच हिशेब लहान तळ्यालाही लागतो, आणि तिथे सगळा व्यवहार आपल्याच हातात असतो. बारामतीजवळ माझ्या एका मित्राची बंगल्यांची सोसायटी आहे. मधोमध एकरभराचं तळं, दोन मीटर खोल, कडेला लॉन, बाकं. तिसऱ्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. सोसायटीच्या ग्रुपवर पावडरींचे फोटो, दहा सल्ले. मला विचारलं तेव्हा मी आकडे मांडून दिले. एकर गुणिले दोन मीटर म्हणजे साधारण ८० लाख लिटर. ते ३० मायक्रोग्रॅमला न्यायला फॉस्फरस लागतो पाव किलोच्याही आत. डीएपीमध्ये फॉस्फरस साधारण २० टक्के. म्हणजे सव्वा किलो डीएपी. आणि माळी लॉनला वर्षाला पोतंभर डीएपी टाकत होता, ५० किलोचं. पावसाने त्यातला चाळिसावा भाग जरी तळ्यात उतरवला तरी काम झालं. शिवाय सोसायटीच्या सांडपाणी केंद्रातलं "स्वच्छ" पाणी तळ्यात सोडत होते, ते वेगळंच.

मग काय करायचं? क्रम महत्त्वाचा. आधी जमेची बाजू बंद: लॉनचं खत थांबवा, केंद्रातलं पाणी तळ्याऐवजी झाडांना द्या, निर्माल्य बाहेर. मग खर्चाची बाजू वाढवा. काठाला कर्दळ लावा, पण नुसती लावून उपयोग नाही, कापून बाहेर न्यायला हवी. तिथेच कुजली तर फॉस्फरस परत तळ्यात. हवा सोडणारा पंप लावला तर तळाला प्राणवायू राहतो आणि गाळातलं खातं बंद राहतं. चंदेरा, गवत्या मासे सोडा म्हणतात, तेही ठीक, पण मासे खाऊन पुन्हा पाण्यातच विष्ठा टाकतात, त्यामुळे फायदा होतो तो मासे पकडून नेल्यावर. तुरटी फॉस्फरसला धरून तळाशी बसवते, १९६० च्या दशकाच्या शेवटापासून स्वीडन-अमेरिकेत ती तळ्यांना वापरतात. पण आवक चालू असेल तर तो पॅचच. आणि मोरचूद सगळ्यात शेवटी, तोही पिण्याच्या पाण्यात नाही, जनावरं पितात त्या पाण्यात नाही.

या यादीत एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे: गाळ. उन्हाळ्यात तलाव आटला की गाड्या भरून गाळ शेतात न्यायचा ही जुनी रीत. २०१७ मध्ये राज्य सरकारने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजनाच काढली. आपण ती तलावाची क्षमता आणि जमिनीचा पोत यासाठी बघतो. पण फॉस्फरसच्या वहीत ती उधारी वसुली आहे. शेतातून वाहून गेलेलं खत शेतात परत. खडकातून खणून काढावा लागणारा हा पदार्थ, ज्यासाठी आपला देश बाहेरून माल आणतो, तो तळ्यात नासाडी करतो आणि शेतात पीक देतो. पदार्थ तोच, फक्त जागा चुकलेली.

उजनीच्या काठावरचे मच्छीमारही नकळत हीच वसुली करतात. उजनीत आता चिलापी फार. (पुस्तकातलं नाव तिलापिया, पण भिगवणच्या बाजारात तसं म्हणालात तर हसतील.) चिलापी शेवाळ खाते आणि लोक चिलापी खातात. एक टन माशांबरोबर साधारण ५ किलो फॉस्फरस धरणाबाहेर जातो. भिगवण-कुंभारगावला येणारे रोहित पक्षी, भादलवाडीच्या झाडांवर घरटी करणारे चित्रबलाक, हेही त्याच अन्नसाखळीवर जगतात. म्हणजे शेवाळ आपल्या जागी, आपल्या प्रमाणात वाईट नाहीच. पण रोजचे ५ टन जमेला आले तर नुसत्या माशांनी ते फेडायला रोज हजार टन चिलापी काढावी लागेल. मच्छीमारांवर एवढं ओझं टाकणं बरं नव्हे.

असो. फ्रान्सिसच्या त्या पत्राला आता जवळजवळ दीडशे वर्षं होत आली. एवढ्या काळात तळ्यात काहीतरी ओतून तळं कायमचं बरं झाल्याचं एक उदाहरण मला या वाचनात मिळालं नाही. वरून येणारं थांबवून तळं बरं झाल्याची उदाहरणं मात्र मिळाली. त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये तो ओंजळीचा फोटो आला, आणि कुठलं औषध टाकणार अशी चर्चा सुरू झाली, की एवढंच विचारा: या वर्षी उजनीत फॉस्फरस किती आला, कुठून आला, आणि तो मोजण्याचं काम कुणाचं आहे? पुण्यात राहणाऱ्यांनी तर जरूर विचारा. पाणी आपल्या दारातून निघतं तेव्हा ते हिरवं नसतं, म्हणून आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.